आईच्या वॉकरसाठी काढलेला घराचा प्लॅन

ऐरोलीला रिसेलमध्ये टू बीएचके घेतला आणि त्याच महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणजे आता आई गावाहून कायमची आमच्याकडे येणार हे ठरलंच. फ्लॅट जुना, ओटा तोडायचा होताच, टॉयलेट पण नवीन करायचं होतं. कंत्राटदाराने थ्रीडी फोटो पाठवले, दिसायला एकदम चकाचक, पण त्यात आईचं लोखंडी कपाट नव्हतं, देव्हारा नव्हता, आणि वॉकर घेऊन वळायला जागा किती राहते ते कुठेच कळत नव्हतं. मग मीच बसले. तीन आठवडे रोज रात्री जेवणं आवरली की लॅपटॉप. मी आर्किटेक्ट वगैरे नाही, ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते, पण या तीन आठवड्यांत जे कळलं ते इथे लिहून ठेवते कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या घरी सध्या काम निघालंय किंवा निघणारे.

मी वापरलं ते स्वीट होम थ्रीडी, घराचा प्लॅन काढायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून चालू आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण नीट चाललं. डाव्या बाजूला फर्निचरची यादी, वर प्लॅन, खाली लगेच त्याचं थ्रीडी. स्केचअप पण ब्राउझरमध्ये फुकट उघडतं, त्यात सपाट चौकोन काढून तो वर खेचला की पेटी तयार होते, ओट्याखालच्या ट्रॉल्यांचे खण मी त्यातच काढले. पण अख्खं घर उभं करायचं, भिंती दारं खिडक्या पटापट टाकायच्या, तर नवशिक्या माणसाला स्वीट होम सोपं पडतं असं माझं मत.

पण सॉफ्टवेअर उघडायच्या आधी टेप. हे मी परत परत सांगेन, कारण सॉफ्टवेअर तुम्ही द्याल तोच आकडा खरा मानतं. ब्रोकरने दिलेल्या प्लॅनच्या झेरॉक्सवर बेडरूम १० बाय १२ होती. प्रत्यक्षात टेप लावला तर ९ फूट ८ इंच बाय ११ फूट ९ इंच. प्लॅनवरचे आकडे बऱ्याचदा प्लास्टरच्या आधीचे असतात, वर जुन्या मालकाने टाइल्सवर टाइल्स लावलेल्या, खिडकीखाली लाकडी पट्ट्या मारलेल्या. कपाट बनवताना ते चार इंच फार मोठे असतात हो.

लाद्या मोजून माप काढायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, मला पण होती, दोन फुटाची लादी, आठ लाद्या, म्हणजे सोळा फूट. ती लादी दोन फुटाची नसते! ६०० मिमी असते, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी. एका लादीला साधारण साडेनऊ मिमीचा फरक, आठ लाद्यांना मधले सांधे धरून सुद्धा अडीच इंचाच्या आसपास जातो. सोफा आणि शोकेसच्या मधल्या वाटेत अडीच इंच गेले म्हणजे काय ते ज्याच्या घरात वॉकर आहे त्याला विचारा.

मोजायची पद्धत पण सांगते. एका कोपऱ्यात टेपचं टोक धरायचं आणि तिथूनच सगळे आकडे घ्यायचे, दाराची चौकट इथे सुरू, इथे संपली, मग स्विचबोर्ड, मग खिडकी, मग कॉलम, मग भिंत संपली. तुकडे तुकडे मोजून नंतर बेरीज केली की प्रत्येक तुकड्यात थोडी थोडी चूक साठत जाते. एक टोक नवऱ्याने धरलं, मी आकडे वाचले, मुलीने वहीत लिहिले, रविवारची एक सकाळ गेली. टेपला मध्ये झोळ पडू द्यायचा नाही. आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे, कोपरा ते समोरचा कोपरा. दोन्ही सारखे आले तर खोली काटकोनात. आमच्या हॉलमध्ये दोन इंचाचा फरक आला, म्हणजे भिंत तिरकी आहे, आणि मी सरळ चौकोन काढला असता तर टीव्ही युनिटच्या एका टोकाला फट राहिली असती. जिथे कपाट बसणार तिथे खाली, मध्ये आणि वर असं तीनदा मोजायचं आणि सगळ्यात लहान आकडा धरायचा, हे मला आमच्या सुतारकाकांनी सांगितलं.

उंची पण मोजा. लादीपासून छतापर्यंत किती, आणि बीमच्या खालपर्यंत किती, हे दोन वेगळे आकडे असतात. सॉफ्टवेअरमध्ये भिंत आपोआप २५० सेंटीमीटरची येते, ती बदलली नाही तर माळ्याचं सगळं गणित चुकतं. बीम काढायला वेगळं काही नाहीये, यादीतला साधा बॉक्स घ्यायचा, लांबी रुंदी जाडी द्यायची आणि तो जमिनीपासून किती उंचीवर ते लिहायचं, झाला बीम. कॉलमचं पण तसंच. आमच्या बेडरूममध्ये कॉलम नऊ इंच आत आलेला आहे, झेरॉक्सवर तो भिंतीतच मिसळलेला दिसत होता.

आता सॉफ्टवेअरमध्ये. जुना प्लॅन असेल तर तो मागे चित्र म्हणून टाकता येतो आणि त्यावरून गिरवता येतं. फोनने तिरका फोटो काढू नका, स्कॅन करा, नाहीतर एका बाजूच्या भिंती आखूड येतात. चित्र टाकल्यावर ते एक निळी रेघ देतं आणि विचारतं ही प्रत्यक्षात किती लांब, तिथे दाराची रुंदी वगैरे देऊ नका, घराची सगळ्यात लांब भिंत द्या जी तुम्ही स्वतः मोजलीये. छोट्या रेघेत माऊस जरासा हलला तरी अख्ख्या घराचं स्केल बिघडतं.

सगळ्यात जास्त वेळ माझा गेला तो भिंतीच्या जाडीत. स्वीट होममध्ये भिंतीची लांबी भिंतीच्या मधल्या रेषेवर मोजली जाते, आणि आपण मोजतो आतून आत. म्हणजे आतून १० फूट हवी असेल आणि एका बाजूला ६ इंचाची भिंत, दुसऱ्या बाजूला बाहेरची १० इंचाची, तर रेघ काढायची १० फूट ८ इंच, कारण दोन्हीची अर्धी अर्धी जाडी त्यात जाते. मला हे माहीत नव्हतं तेव्हा सगळ्या खोल्या थोड्या थोड्या लहान येत होत्या आणि मी टेपवर संशय घेत होते, दुसऱ्यांदा जाऊन मोजून आले. भिंत काढताना एंटर दाबलं की लांबी आणि कोन टाइप करता येतो, माऊसने अंदाजे खेचत बसू नका. भिंतीची आपोआप येणारी जाडी पण फक्त साडेसात सेंटीमीटर असते, आपली विटांची भिंत प्लास्टरसकट त्याच्या दुप्पट तरी असते, ती आधी बदलून घ्या. सगळं झालं की डायमेन्शनचं टूल घेऊन आतून आत माप टाकून वहीशी ताडून बघा. खोली काढायचं टूल घेऊन बंद खोलीत डबल क्लिक केलं की त्या खोलीचं क्षेत्रफळ पण देतं.

या क्षेत्रफळावरून माझ्या मैत्रिणीची एक रात्र झोप उडाली होती. तिचा घोडबंदरला नवीन फ्लॅट, तिने सगळ्या खोल्यांची बेरीज केली तर एग्रीमेंटमधल्या कार्पेट एरियापेक्षा, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेपेक्षा, ३१ स्क्वेअर फूट कमी, तिला वाटलं फसवलं. पण २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे त्यात घरातल्या आतल्या पार्टिशनच्या भिंतींनी व्यापलेली जागा धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. सॉफ्टवेअर फक्त मोकळी लादी मोजतं. आतल्या भिंती मिळवल्यावर तिचा हिशोब जुळला. स्क्वेअर मीटरचे फूट करताना १०.७६४ ने गुणा, नुसतं १० ने नाही.

तिच्याच घरावरून आणखी एक गोष्ट. सॉफ्टवेअरमध्ये भिंत सिलेक्ट करून डिलीट दाबलं की गेली, दोन खोल्यांचा एक मोठा हॉल तयार, आणि ते बघायला इतकं छान वाटतं की माणूस त्याच्या प्रेमातच पडतो. पण हल्लीच्या मायवान पद्धतीच्या टॉवरमध्ये आतल्या भिंती पण काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, त्यांच्यावर इमारतीचा भार असतो, त्या तोडायच्या नाहीतच. जुन्या बैठ्या घरांमध्ये पण कधी कधी स्लॅब थेट भिंतींवर टेकलेला असतो. म्हणून मी प्लॅनमध्ये आधी रंग ठरवला, ज्या भिंतीला हात लावायचा नाही ती काळी, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय एकही भिंत काळ्याची पांढरी केली नाही. सोसायटीचं एनओसी आणि महापालिकेची परवानगी हा भाग वेगळाच. आणि कोणाचा स्वतःचा प्लॉट असेल, गावी घर बांधायचं असेल, तर असा प्लॅन आर्किटेक्टशी बोलायला फार उपयोगी पडतो, पण मंजुरीचे नकाशे त्यांनीच करायचे.

फर्निचर टाकताना यादीतला सोफा तसाच उचलू नका, त्याचं माप वेगळंच असतं. घरातल्या प्रत्येक वस्तूचं माप घेऊन ते लिहा, आईचं कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन सुद्धा. दार उघडताना किती जागा घेतं ते प्लॅनवर कमानीसारखं दिसतं पण कपाटाच्या शटरचं मला दिसत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक कपाटापुढे शटरच्या रुंदीएवढी एक चपटी पट्टी ठेवली, लाल रंगाची, म्हणजे इथे काही ठेवायचं नाही. अशा पट्ट्या टाकल्यावर कळलं की आईच्या खोलीत पलंग आणि कपाट समोरासमोर बसतच नाहीत. वॉकर टेपने मोजला, २३ इंच रुंद. टॉयलेटचं दार अडीच फुटी म्हणतात पण ते चौकटीच्या बाहेरून, आतून मोकळी जागा निघाली २५ इंच, म्हणजे दोन्ही बाजूला एक एक इंच, बोटं चेमटणार. ते दार मोठं करायचं ठरलं ते या प्लॅनमुळेच. कंत्राटदार म्हणत होता ताई काय गरज आहे, मी त्याला वॉकरच्या मापाचा बॉक्स दारात ठेवून दाखवला, मग तो काही बोलला नाही.

सुतारकाकांना प्लॅन दिला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून आधी हेच सांगितलं, "ताई, हे मिलिमीटर ठेवा बाजूला, इंच-सुतात सांगा." एका इंचाचे आठ सूत. घरी येऊन सगळं युनिट बदललं, सेटिंगमध्ये एका क्लिकचं काम आहे. कपाटाची खोली मी २४ इंच दिली होती, त्यांनी २३ इंच ६ सूत करायला लावली, कारण ८ बाय ४ च्या प्लायमधून दोन पट्टे काढायचे आणि करवतीच्या पात्यात थोडं लाकूड जातंच. असली गोष्ट कुठलं सॉफ्टवेअर सांगणार? प्रिंट काढताना स्केल १:५० ठेवा, म्हणजे कागदावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे घरातला एक मीटर, आणि प्रिंटवाल्याला आठवणीने सांगा की पानात बसवू नको, आहे त्या मापात काढ.

प्लॅनवर एक कंपास असतो तो लोक बघत पण नाहीत. त्यात उत्तर दिशा फिरवून घ्या, आपल्या जागेचे अक्षांश रेखांश द्या, ठाणे-ऐरोली साधारण १९.२ उत्तर, मग फोटो काढताना तारीख आणि वेळ दिली की ऊन कुठून येतं ते दिसतं, फक्त फोटोची क्वालिटी वरची ठेवायला लागते. आमची गॅलरी पश्चिमेला. एप्रिलमधले संध्याकाळचे पाच लावले तर ऊन बरोबर आईच्या उशाशी. पाऊस मात्र सॉफ्टवेअरला कळत नाही. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो आणि त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला ओल धरते, तिथे लाकडी कपाट चिकटवून ठेवू नका, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्या या बिल्डिंगमध्ये पहिल्यापासून आहेत.

एकदा मध्येच काम थांबवून आम्ही बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज बघायला गेलो होतो, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलेली वसाहत. ४५ ते ७५ चौरस मीटरचे छोटे प्लॉट, पण शेजारच्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला पुढे घर वाढवायचंय तो आपलं आपण वाढवू शकतो. आज तिथली बरीच घरं पाडून परत बांधलीत, तरी अंगणांभोवती घरं कशी मांडलीत ते कळतं. घरी आल्यावर मी माझी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह केली आणि त्यात वॉकरच्या जागी व्हीलचेअर ठेवून बघितली. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये ती वळत नव्हती. म्हणून शू रॅक तिथून काढून दाराच्या मागे नेला, खर्च काहीच वाढला नाही. प्रत्येक मोठ्या बदलाआधी अशी तारीख घालून वेगळी फाइल ठेवाच.

आणि शेवटी ती घरात फिरायची सोय. त्यात एक माणूस असतो, तो प्लॅनवर जिथे नेऊन ठेवाल तिथून घर कसं दिसतं ते थ्रीडीत दिसतं, आणि त्याच्या डोळ्यांची उंची बदलता येते. मी आधी माझ्या उंचीवर फिरले, सगळं छान वाटलं. मग आईला पलंगावर बसवून जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत माप घेतलं, ३ फूट ८ इंच. "अगं काय मोजतेस माझं," म्हणाली. ती उंची घालून तिच्या पलंगावरून गॅलरीकडे बघितलं तर समोर नुसती कपाटाची कड. तिची तुळस गॅलरीत आहे, गावाहून कुंडीसकट आणलेली, आणि दिवसातला अर्धा वेळ ती पलंगावरच असणार. पलंगाचं डोकं दुसऱ्या भिंतीला फिरवलं, कपाट दाराच्या बाजूला सरकवलं, लाल पट्ट्या परत तपासल्या. पाच वाजताचं ऊन पण आता पायाशी यायला लागलं. लॅपटॉप तिच्यासमोर धरला, तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, कुंडी अजून थोडी डावीकडे घे.