होय, डोरियन ग्रे मी अजूनही शिकवते

"मॅडम, कोवळ्या पोरांना हे असलं पुस्तक शिकवायची गरजच काय?" पालक विचारतात, सहकारी विचारतात, घरातही विचारून झालंय. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' ही कादंबरी १८९० साली लिपिंकॉट्स मासिकात आली तेव्हाही असाच गहजब झाला होता. डब्ल्यू. एच. स्मिथ या ब्रिटिश पुस्तकविक्रेत्या कंपनीनं तो अंक विक्रीतून काढला. पुढच्या वर्षी पुस्तक काढताना वाइल्डनं बराच मजकूर सौम्य केला, तरी त्यानंच भरलेल्या अब्रुनुकसानीच्या १८९५च्या खटल्यात विरुद्ध बाजूच्या कार्सन वकिलांनी नेमकी मासिकातली जुनीच वाक्यं वाचून त्याला घेरलं. घाण शोधणाऱ्यांना ती हवीच होती.

एकदा एका विद्यार्थ्याचे वडील स्टाफरूममध्ये आले. हातात मुलाची प्रत, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. मुलगा घरात बोलेनासा झाला होता. "घाणेरडं पान कुठलंय, मला सापडत नाही. तुम्हीच दाखवा." आवाज रडवेला. मी तावातावानं पुस्तकाची बाजू घेतली. डोरियनची पापं लेखकानं सांगितलेलीच नाहीत, ज्याला ती दिसतात त्यानं ती स्वतःच आणलेली असतात, हे वाइल्डचंच म्हणणं ऐकवलं. ते म्हणाले, "मग माझ्या पोरानं काय आणलं असेल?"

उत्तर सुचलं नाही. डोरियनची प्रेयसी, नटी सिबिल व्हेन हिच्या मृत्यूचं प्रकरण उघडलं आणि मराठीत सांगत गेले. रंगमंचावर तिचं काम बिघडलं म्हणून डोरियन तिला झिडकारतो. त्याचं वय आणि पापं त्याच्या अंगावर नाही, त्याच्या चित्रावर उमटतात; घरी येतो तर त्या चित्रातल्या ओठांपाशी क्रूरपणा उमटलाय. दुसऱ्या दिवशी तो तिला माफीचं लांबलचक पत्र लिहितो, आणि लिहून होताच त्याला वाटतं, झाली माफी. मग कळतं, तिनं विष घेतलंय. त्याच संध्याकाळी हा ऑपेरात पॅटी या प्रसिद्ध गायिकेचं गाणं ऐकायला जातो. म्हटलं, घाण असेल तर ती इथं आहे. "हे मुलांना कळतं?" त्यांनी विचारलं.

परीक्षेत बरोबर लिहितात. स्टेटसला मात्र डोरियनला नादी लावणाऱ्या, चटकदार बोलणाऱ्या लॉर्ड हेन्रीची वाक्यं ठेवतात.

पुस्तक नैतिक किंवा अनैतिक नसतं, चांगलं किंवा वाईट लिहिलेलं असतं, हे प्रस्तावनेतलं वाक्य विशीत मी कुणाच्याही तोंडावर फेकायचे. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं, मग सिबिलपाशी तुझा घसा का दाटायचा? वाइल्डनंही टीकाकारांना उत्तर देताना यात नैतिक बोध आहे असं लिहिलंच होतं की! तरीही ते वाक्य मला पुरतं खोटं म्हणवत नाही.

शिकवणं थांबवणार नाही. सिबिलच्या प्रकरणाला हल्ली जास्त तास देते. वर्गात मात्र अजून लॉर्ड हेन्रीच जिंकतो.