खारातला गाळ आणि भट्टीची मळी

पेण-अलिबागकडच्या खारजमिनीतले रस्ते दर पावसाळ्यात खचतात आणि दोष डांबराला दिला जातो. याची मला मनापासून चीड येते. डांबराखाली काय आहे ते कुणी पाहतच नाही. तिथे खाडीचा काळपट, खारट, कुजक्या वासाचा गाळ असतो. उन्हाळ्यात तो भेगाळतो, पावसात लोण्यासारखा होतो. वर मुरूम ओतला की काही दिवस बरं वाटतं, मग गाळ तोही गिळतो. त्या मुरमासाठी कुठलीतरी टेकडी कापलेली असते, ती वेगळीच.

मी माती-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. धरमतर खाडीलगतच्या एका गावरस्त्यासाठी आम्ही त्याच गाळात लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, आणि थोडा चुना मिसळून पाहत होतो. वितळलेली मळी पाण्याच्या माऱ्याने झटक्यात थंड केली की तिचे काचेसारखे कण होतात. ते दळले की सिमेंटसारखी पूड मिळते. ही पूड एकटी सुस्त असते, चुना तिला जागं करतो. मग नुसता चुनाच का नको? कारण खाऱ्या गाळात सल्फेट असतं. चुना, मातीतलं अ‍ॅल्युमिना आणि सल्फेट ओलाव्यात एकत्र आले की फुगणारे स्फटिक तयार होतात आणि घट्ट केलेला थर आतून उचलला जातो. चुना कमी करून त्याच्या जागी स्लॅग वाढवला की हा धोका बराच घटतो.

2024 मध्ये मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल-इंदापूर भागात स्टील स्लॅगचा रस्ता झाला, तो बहुतेकांना माहीत असतो. तिथे स्लॅग खडीच्या जागी आहे. आमचं काम खडीच्याही खालचं.

सीबीआर, म्हणजे माती किती भार पेलते ते मोजणारी चाचणी. तिचे साचे चार दिवस पाण्यात ठेवून बाहेर काढायचे होते, त्या दिवशी गावातली चार माणसं प्रयोगशाळेत आली. त्यातल्या एका काकांचं रस्त्याला लागून जिताडा माशाचं तळं. ते आल्या आल्या म्हणाले, "बाय, कारखान्याची घाण आमचे खारान कशाला?"

मी दोन साचे त्यांच्यासमोर ठेवले. नुसत्या गाळाच्या साच्यात काकांनी अंगठा दाबला, तो पेरभर आत गेला. दुसऱ्यात नखही रुतेना. मग यंत्रावर पाच सेंटिमीटर जाडीचा दांडा मिनिटाला सव्वा मिलिमीटर वेगाने खाली सोडला. गाळाचा सीबीआर आकडा दोनच्याही खाली. आम्हाला या रस्त्याखाली निदान पाच हवा होता. मिश्रणाचा साचा पाचाच्या कितीतरी पुढे गेला. बाकीचे खूश झाले, सरपंच तर लगेच काम कधी सुरू करताय विचारू लागले.

काका मात्र साचा बुडवलेल्या पाण्याकडे बघत होते. या पाण्यात मासा जगेल का, असं त्यांनी विचारलं. मी पीएचची पट्टी बुडवली. ती निळी झाली. चुना आहे म्हटल्यावर पाणी अल्कधर्मी होणारच, हे मला माहीत होतं, पण तळ्याच्या मालकासमोर ते दिसणं वेगळं. मी त्यांना सरळ सांगितलं: दाबून मुरलेल्या थरातून फार थोडं झिरपतं, पण उघड्यावर पडलेल्या ढिगातून पहिल्याच पावसात हे पाणी तुमच्या तळ्यात येईल.

आराखड्यात साठ्याची जागा नेमकी तळ्याच्या बांधापाशी दाखवली होती. रस्त्याच्या कडेला तेवढीच सपाट जागा होती म्हणून. ठेकेदाराच्या माणसाला ती हलवणं परवडत नव्हतं, बराच वेळ वाद झाला. माझ्या अहवालात मी बळकटीच्या आकड्यांशेजारी पाण्याचा पीएच लिहिला आणि चार अटी घातल्या: पूड बंद पिशव्यांत, साठा गावाबाहेरच्या फरशीवर छपराखाली, मिसळलेला थर त्याच दिवशी दाबायचा, जूनपासून काम बंद. तळ्याच्या बाजूने मातीचा आडबांध काकांनी सुचवला, तोही पाचवी अट म्हणून घातला.