तुसाच्या पाइपचा बेंड कधी फुटेल, याचा हिशेब

तुमसर तालुक्यातल्या एका राइस मिलमध्ये मी मेंटेनन्स बघतो. भरडाई जोरात सुरू झाली की आमच्याकडे हमखास फुटायचा तो तूस उडवणाऱ्या ब्लोअरपुढचा बेंड, म्हणजे पाइपचं वळण. मग अंगणभर तूस, घाईघाईत वेल्डिंग, आणि थोड्याच दिवसांत त्या ठिगळाच्या कडेला नवं भोक. "दर अमुक महिन्यांनी बदला" हा सल्ला सगळेच देतात. पण हंगामात मिल दोन पाळ्या चालते आणि पावसाळ्यात आठवडाआठवडा कुलूप असतं, तर महिने मोजून काय उपयोग? मी हिशेब क्विंटलांत सुरू केला.

झिजेचं एक सूत्र मिळालं होतं, आर्चर्डचं, १९५३ सालचं: दाब आणि घसरण्याचं अंतर वाढलं की झीज वाढते, पत्रा कठीण असला की कमी होते. चूटच्या, म्हणजे माल घसरत जातो त्या घसरंडीच्या, तळाला ते बऱ्यापैकी लागू पडतं. फक्त त्यातला गुणांक आपल्या मालावर आपणच मोजून काढावा लागतो. बेंडची गोष्ट निराळी, तिथे तूस हवेतून येऊन आपटतं. साधं लोखंड समोरून बसणाऱ्या माऱ्यापेक्षा २०-३० अंशांच्या तिरप्या माऱ्याने जास्त खरवडलं जातं. म्हणून भोक नेहमी बाहेरच्या वळणावर, साधारण एकाच जागी.

त्याच पट्ट्यात पंचने खुणा केल्या, रंग घासला, थोडं ग्रीस लावून अल्ट्रासॉनिक मीटरचा (ध्वनिलहरींनी बाहेरूनच पत्र्याची जाडी मोजणारं यंत्र) प्रोब टेकवला. पाइप उघडायची गरज नाही.

"फुटला का दिसतेच ना भाऊ, मोजता कायले?" सेठ म्हणाले.

नवा बेंड ५ मिमीचा. १० हजार क्विंटल धान भरडल्यावर सगळ्यात पातळ खुणेवर ४.१, वीस हजारांवर ३.३. धानाचा साधारण पाचवा हिस्सा तूस, म्हणजे दर १० हजारांमागे दोन हजार क्विंटल तूस या वळणावरून गेलं. दीड मिमीला बदलायचा ठरवलं, तर अजून वीस हजार क्विंटल निघतात. मी पंधराच धरले, कारण काही लॉटमध्ये खळ्यावरची माती-रेती जास्त येते आणि रेतीतलं क्वार्ट्झ आपल्या पत्र्यापेक्षा कितीतरी कठीण. तुसात स्वतःची सिलिका असतेच.

एक सांगून ठेवतो. पत्रा फार पातळ झाला की साधं मीटर कधीकधी दुप्पट आकडा दाखवतं. झिजलेल्या बेंडवर एकदम जाड रीडिंग आलं तर खुश होऊ नका, हातोडीने हलकं ठोकून आवाज ऐका.

मीटरपेक्षा मोठा फायदा ब्लोअरच्या पुलीने दिला. अशी झीज वेगाच्या दुसऱ्या ते तिसऱ्या घाताने वाढते, म्हणजे हवेचा वेग १० टक्के उतरवला तर ती साधारण पाचव्या ते पाव हिश्श्याने कमी व्हायला हवी. ब्लोअर हळू फिरावा म्हणून पुली बदलली, लाइन चोक होत नाही ना हे चार दिवस पाहिलं, आणि तशीच ठेवली. वेअर प्लेटचा, म्हणजे झीज सोसणाऱ्या कठीण पत्र्याचा, बेंडही घेता येतो, पण तीही क्वार्ट्झपेक्षा मऊच, आणि आमच्याकडे वेल्डर ती नीट वाकवत नाहीत.

बेंड ठरवून, मिल बंद असताना बदलला. जुना कापून पाहिला तेव्हा खुणेच्या जागी १.७ होतं. आता बकेटांनी माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या डोक्यातला पत्रा मोजतोय. तिथे आकडे सरळ रेषेत येत नाहीत, बकेट माल कुठे फेकते त्यावर जागा सरकते. सेठ मात्र हल्ली स्वतःच विचारतात, किती उरला म्हणून.