चार सेलांतला तिसरा: मेटल डिटेक्टरच्या बॅटरीची हिवाळी नोंद

नोव्हेंबर

शेतातल्या मातीत दडलेल्या धातूच्या वस्तू शोधणारं माझं मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, मध्येच बंद पडण्याचा प्रकार वाढलाय. इकडे इंग्लंडमधल्या नॉर्फोकमध्ये गव्हाची कापणी झाली की पुढची पेरणी होईपर्यंत शेतात उतरायला जेमतेम काही आठवडे मिळतात. त्यानंतर थेट हिवाळ्यात, बीट निघाल्यावर. या मोजक्या दिवसांतच मशीनने दगा दिला तर अख्खा हंगाम हातचा जातो. म्हणून यंदा नुसते नवे सेल घालून मोकळं व्हायचं नाही, नेमकं कारण शोधायचं.

मशीन चार डबल-ए सेलवर चालतं. सेल निकेल-मेटल हायड्राइडचे. रात्री चार्ज करून सकाळी घातले की बॅटरीची पट्टी भरलेली दिसते. बारीकसारीक सिग्नलला काही होत नाही. पण नांगराच्या तुटक्या फाळासारखं मोठं लोखंड कॉइलखाली, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीखाली, आलं आणि स्पीकर जोरात वाजला की स्क्रीन विझते. पुन्हा चालू करावं तर पट्टी जवळपास भरलेलीच! हेडफोन लावले की मात्र हा त्रास बराच कमी होतो.

माझ्या मते खरी खूण हेडफोनचीच आहे. स्पीकर हेडफोनपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचतो. म्हणजे सेलमध्ये चार्ज आहे, पण एकदम मागणी वाढली की व्होल्टेज कोसळतं. पट्टीवर विसंबण्यात तसाही अर्थ नाही. ती बहुतेक वेळा अल्कलाइन सेल धरून बसवलेली असते. अल्कलाइनचं व्होल्टेज १.५ पासून हळूहळू उतरत जातं. आपले रिचार्जेबल सेल मात्र बराच काळ १.२ च्या आसपास टिकून राहतात आणि शेवटी एकदम घसरतात. सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर ती आधी बघावी.

डिसेंबर

सेलवर मार्करने १ ते ४ आकडे टाकले. मल्टिमीटर होताच. त्याच्या जोडीला २.२ ओहमचा, ५ वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर आणला. असा रेझिस्टर एका सेलवर लावला की साधारण अर्धा अँपिअर करंट वाहतो. नुसत्या मल्टिमीटरने सेल मोजून काही कळत नाही, आजारी सेलही आरामात १.३० दाखवतो. भार टाकला की खरं काय ते समोर येतं.

१, २ आणि ४ नंबरचे सेल भाराविना १.३१ ते १.३३ होते. दहा सेकंद भार ठेवल्यावर १.२६ ते १.२८ वर थांबले. तिसरा १.३० वरून सरळ १.०३ वर आला. ०.२७ व्होल्टची घट, करंट ०.४७ अँपिअर. भागाकार केला की अंतर्गत रोध, म्हणजे सेल स्वतःच करंटला करतो तो अडथळा, ०.५८ ओहमच्या आसपास निघतो. बाकीचे तिघे ०.१ च्या आत. दोषी सापडला.

एका सेलमुळे सगळं मशीन का बसतं, ते इथे सविस्तर लिहितो, कारण बरेच जण चारही सेल एकदम फेकून देतात. चारही सेल सिरीजमध्ये असतात, त्यामुळे एकच करंट सगळ्यांतून वाहतो. ज्याची क्षमता कमी तो आधी रिकामा होतो. मशीन तेवढ्यात बंद झालं नाही तर उरलेले तिघे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात आणि त्याची ध्रुवता उलटते, म्हणजे धन-ऋण टोकांची अदलाबदल होते. एकदा असं झालं की तो आणखी कमजोर होतो, पुढच्या वेळी आणखी लवकर रिकामा होतो. चार्जरचाही यात हात असतो. मशीनसोबत आलेला चार्जर दोन-दोन सेल जोडीने चार्ज करतो, दोघांना मिळून एकच दिवा. जोडीतला एक अर्धवट राहतो, दुसरा जास्त तापतो. आता प्रत्येक सेल स्वतंत्र चार्ज करणारा, क्षमता मोजणारा चार्जर घेतलाय. पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या सेलांच्या आधी या चार्जरवर करा, असं माझं ठाम मत आहे.

क्षमतेचे आकडे: सेलवर छापलेले २००० मिलिअँपिअर-तास. पहिला १८४०, दुसरा १८१०, चौथा १७९०, तिसरा ९४०. चार्जरच्या रिफ्रेश मोडवर (सेल पुन्हा पुन्हा रिकामा करून भरणं) टाकून तिसरा ११५० पर्यंत चढला आणि तिथेच अडला. तो आता भिंतीवरच्या घड्याळात आहे. घड्याळाला नगण्य करंट लागतो, तिथे हा सेल चालून जाईल.

जाता जाता: ‘दर वेळी पूर्ण रिकामी करूनच चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. आजच्या सेलांना दर सेल १.० व्होल्टच्या खाली नेण्यात तोटाच आहे.

जानेवारी

त्याच प्रकारचा, साधारण बाकीच्या तिघांएवढ्याच क्षमतेचा सेल तिसऱ्याच्या जागी घातला. बंद पडणं कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही. मग मशीन चालू ठेवून दोन ठिकाणी व्होल्टेज मोजलं. सेलांच्या टोकांची बेरीज ५.०८. बॅटरीच्या डब्यातून तारा बाहेर पडतात तिथे ४.७१. मधले ०.३७ व्होल्ट डब्यातच गायब.

भिंगाखाली पाहिलं तर ऋण टोकाच्या एका स्प्रिंगवर, अगदी तळाच्या वळशात, हिरवट पूड साचलेली. वरून स्प्रिंग चकचकीत, त्यामुळे नुसत्या नजरेला दिसत नव्हती. आधी सेल काढले. कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावून पूड विरघळवली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि पूर्ण वाळू दिलं. पॉलिशपेपर वापरला नाही. तो स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा खरवडून काढतो आणि खालचं पोलाद गंजायला लागतं. आता डब्यातली घट ०.०४ वर आलीय. समुद्रकिनाऱ्यावर फिरणाऱ्यांनी तर हे मोजमाप नियमित करावं, खारं पाणी असल्या फटींत फार लवकर घुसतं.

थंडीचाही हिशोब धरावा लागतो. दोन-तीन अंशांवर सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि मशीन लवकर दमतं. राखीव संच बॅगेत न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतोय, प्लॅस्टिकच्या डबीत. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नयेत, शॉर्ट होतात.

फेब्रुवारी

बीटची शेतं संपत आली, मशीन आता काही महिने पडून राहणार. बॅटरीचं खरं नुकसान या काळात होतं. सेल मशीनमधून काढून ठेवलेत. २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे रिचार्जेबल सेल आणले तेव्हापासून कमी स्वयं-विसर्ग (न वापरताही आपोआप चार्ज उतरणं) असलेले सेल मिळू लागले. ते वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज टिकवतात. त्यांतही मी साधेच घेतो. कंपनीच्याच आकड्यांनुसार साध्यांची चार्जिंगची २१०० आवर्तनं, जास्त क्षमतेच्या प्रोची ५००. चार-पाच तासांच्या फेरीला साधे पुरून उरतात.

ज्यांच्या मशीनमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे त्यांचं गणित वेगळं. पूर्ण चार्ज, म्हणजे ४.२ व्होल्ट, आणि उष्णता एकत्र आली की ती सर्वांत लवकर म्हातारी होते. म्हणून साधारण निम्म्या चार्जवर, ३.८ च्या आसपास, घरात थंड जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी बघावी. विदर्भातल्या मित्रांनी मे महिन्यात मशीन गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नये. इकडच्यांना उलटी काळजी: शून्याखाली गारठलेली बॅटरी चार्ज केली तर आतल्या इलेक्ट्रोडवर धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. शेतातून आल्यावर मशीन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच केबल लावा. एक्सपी डेउस हा बिनतारी डिटेक्टर वापरणाऱ्यांनी कॉइल आणि हेडफोनही तपासावेत, रिमोटशिवाय त्या दोघांतही स्वतंत्र बॅटरी असते. फुगलेली बॅटरी दिसली तर चार्ज करून बघायच्या फंदात पडू नका.

आता माझ्याकडे ‘अ’ आणि ‘ब’ असे चार-चार सेलांचे दोन संच आहेत. ते कधीच एकमेकांत मिसळायचे नाहीत. जुलैत, कापणीच्या आधी, आठही सेल त्याच रेझिस्टरवर पुन्हा मोजणार आहे. भाराखाली १.२० च्या खाली जो येईल तो घड्याळाकडे जाईल.