जळक्या चवीचे तीन आठवडे

वीस वर्षांची सिगारेट सोडण्यासाठी मी गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये, लेस्टरला, ई-सिगारेट हाती घेतली. धूम्रपानमुक्ती सेवेत नाव नोंदवण्यापासून उपकरण मिळेपर्यंतचे सारे आठवड्याभरात पार पडले. अडचण त्यानंतर सुरू झाली. प्रत्येक झुरक्याला जळक्या कापसाची कडवट चव येई, घसा खवखवे आणि पुन्हा सिगारेटचे पाकीट विकत घ्यावेसे वाटे.

ई-सिगारेटमध्ये भरायचे, तापून वाफ होणारे लिक्विड घेतले त्या दुकानात मी तीन आठवड्यांत चार खेपा घातल्या. दर वेळी विक्रेत्याने दुसऱ्या स्वादाची बाटली पुढे केली. कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी कापसासह बसवलेली तार, काढून पाहण्याची किंवा उपकरण कोणते आहे हे विचारण्याची तसदी एकदाही घेतली नाही. सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाचे ते तीन आठवडे किती नाजूक असतात हे ठाऊक असल्यामुळे मला त्याचा राग आजही येतो. अखेर घरी बसून मी बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली, तेव्हा त्या लिक्विडमध्ये ७० टक्के व्हेजिटेबल ग्लिसरीन असल्याचे कळले. माझ्या उपकरणासारख्या लहान पॉडच्या, म्हणजे लिक्विड भरायच्या छोट्या टाकीच्या, कॉइलमधील कापसात एवढे दाट लिक्विड वेळेवर झिरपत नाही, त्यामुळे कापूस कोरडा पडतो आणि तापलेली तार त्यालाच जाळते. ग्लिसरीन आणि त्याहून पातळ असे प्रोपिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे असलेले पातळ लिक्विड मी आणले, जळका कापूस पुन्हा सुधारत नसल्याने कॉइलही बदलली, पॉड भरून दहा मिनिटे तसाच ठेवला, आणि पहिल्याच झुरक्याला पुदिना पुदिन्यासारखा लागला. त्या क्षणी मला खरोखर सुटल्यासारखे वाटले.

ती दहा मिनिटे कोणीही टाळू नयेत. झुरका सावकाश घ्यावा आणि दोन झुरक्यांमध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा, म्हणजे कापूस पुन्हा भिजतो. उपकरणाची शक्ती, म्हणजे वॅट, बदलता येत असल्यास कॉइलवर छापलेल्या मर्यादेतील खालच्या आकड्यापासून सुरुवात करावी. फार गोड लिक्विडचा थर तारेवर लवकर बसतो, हे मला दोन कॉइल वाया गेल्यावर समजले. आपण झोपेत असताना बॅटरी चार्जिंगला लावलेली ठेवू नये. निकोटिनचे लिक्विड लहान मुलांसाठी विषारी असल्याने आमच्या घरी ते कुलपात असते, आणि त्वचेवर सांडल्यास मी लगेच धुऊन टाकतो. ब्रिटनमध्ये एका मिलिलीटरला २० मिलिग्रॅम ही निकोटिनची कमाल मर्यादा आहे. मी तेथून १० वर आलो आहे. ई-सिगारेट निरुपद्रवी नाही, त्यामुळे सिगारेट न ओढणाऱ्याने ती मुळीच सुरू करू नये.

पुण्याला जाताना मी उपकरण लेस्टरलाच ठेवतो, कारण भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवण यांवर बंदी आहे. तेवढे दिवस मी निकोटिनच्या च्युइंगमवर काढतो.