पडायचं कसं, हे रोडिओत शिकलेला माणूस: स्टंटमन याकिमा कनट

गव्हाची कापणी उरकली की अमेरिकेतल्या पूर्व ऑरेगनमधल्या पेंडलटनला रोडिओचे, म्हणजे काउबॉयांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांचे, वेध लागतात. 1910 पासून इथे सप्टेंबरमध्ये 'राउंड-अप' भरतो. बाकीच्या रोडिओंत मैदानात माती असते, इथे मधोमध हिरवळ. घोडा तिच्यावर घसरतो, त्यामुळे स्वारांना ती फारशी लाडकी नाही.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीसारखाच इथेही सगळा हिशेब सेकंदांचा. उधळणाऱ्या घोड्यावर आठ सेकंद टिकायचं. एका हातात घोड्याच्या म्होरकीचा दोर, दुसरा हात हवेत. हवेतला हात घोड्याला, खोगिराला किंवा स्वतःच्या अंगालाही लागला की बाद. पहिल्या उडीत घोड्याचे पुढचे पाय जमिनीला टेकतात, तेव्हा स्वाराच्या टाचा त्याच्या खांद्यांच्या वर हव्यात. शंभरातले निम्मे गुण घोड्याच्या उसळीला, म्हणून गरीब घोडा वाट्याला आला तर स्वाराचं नशीबच फुटकं. दोर कुठे धरायचा हे प्रत्येक घोड्यागणिक मुठीने आणि अंगठ्याने मापून ठरवतात. आखूड धरला तर घोडा मान खाली घालताना स्वाराला पुढे ओढून टाकतो, लांब धरला तर दोर ढिला पडतो आणि तोल सावरायला आधारच उरत नाही.

1914 साली इथेच घोड्यावरून उडालेल्या एका तरुणाचा फोटो वर्तमानपत्रात आला. खाली नाव होतं 'याकिमा कनट'. खरा तो ईनस एडवर्ड कनट, वॉशिंग्टन राज्यातल्या कोलफॅक्सचा. याकिमा या शहराचा तो नव्हताच, पण नाव जन्मभर चिकटलं. पुढे 1917, 1919, 1920 आणि 1923 साली तो पेंडलटनचा सर्वांगीण (सगळे प्रकार मिळून) विजेता ठरला. मूकपटांत त्याने नायकाच्या भूमिकाही केल्या. पण नौदलात असताना फ्लूने घसा बसला होता, तो कायमचाच. बोलपट आले आणि पडद्यावर बोलायचं काम गेलं, पडायचं उरलं.

रोडिओत पडणं म्हणजे हार, सिनेमात पडण्याचेच पैसे, आणि तेही कॅमेऱ्यासमोर ठरलेल्या जागी. दोन्हीकडे खरी भीती एकच: पाय रिकिबीत अडकणं. माणूस पडतो, घोडा पळत राहतो आणि डोकं टापांच्या पट्ट्यात येतं. कनटने रिकिबीची एक बाजूच काढून टाकली. इंग्रजी 'एल'सारखा आकार, तळवा टेकायला जागा आहे, पण बाहेरची कड मोकळी. अंग कलंडलं की पाय आपोआप सुटतो. घोडागाडी उलटवायच्या दृश्यासाठीही त्याने तारांची अशी जोडणी केली की गाडी नेमक्या जागी कोसळावी आणि घोडे त्याच क्षणी सुटून पुढे निघून जावेत.

त्याचं सगळ्यात गाजलेलं काम 1939 च्या 'स्टेजकोच' या सिनेमातलं. भरधाव सहा घोड्यांच्या गाडीच्या पुढच्या जोडीवर उडी मारायची, गोळी लागल्यावर दोन घोड्यांच्या मधे पडायचं, दांडीला लोंबकळत फरफटत जायचं आणि हात सोडायचे. वरून घोडे जातात, मग गाडी. बघणाऱ्याला वाटतं घोडे सावकाश पळवले तर बरं. उलट आहे. वेगात घोडा सरळ रेषेत पळतो, संथ झाला की आजूबाजूला पाय टाकतो, आणि मधल्या माणसाला हवी असते ती सरळ रेषाच. हात सोडताक्षणी ते छातीपोटावर घ्यायचे आणि कोपरं अंगाला घट्ट आवळायची. एक कोपर बाहेर राहिलं तरी गाडीचा पुढचा आस ते उडवतो.

त्या काळी घोडे पाडायची रीत मात्र वाईट होती. पुढच्या पायांना तारा बांधून दुसरं टोक जमिनीत पुरायचं. तार संपली की भरधाव घोडा तोंडावर आपटायचा. ही युक्ती कनटनेही वापरली, ते लपवण्यात अर्थ नाही. चित्रीकरणात घोडे मेल्यावर बोंबाबोंब झाली आणि 1940 पासून प्राणीरक्षक संस्थेची माणसं सेटवर लक्ष ठेवू लागली. आता पडायला शिकवलेला घोडा वापरतात. आधी उभ्याने, मग चालताना, मग धावताना. स्वार लगाम एका बाजूला खेचून त्याची मान वळवतो. पडायची जागा आधी खणून, खडे वेचून, वाळू टाकून भुसभुशीत करतात. ज्या अंगावर घोडा पडणार, त्या बाजूचा पाय आधीच रिकिबीबाहेर.

1943 मध्ये गाडीवरून पडून कनटचे दोन्ही घोटे मोडले आणि तो हळूहळू अशी दृश्यं स्वतः दिग्दर्शित करण्याकडे वळला. 1959 च्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यत त्यानेच रोममध्ये बसवली. सिनेमाचा नायक चार्ल्टन हेस्टन याच्या जागी रथ हाकत होता कनटचा मुलगा जो. वाटेतल्या मोडक्या रथावरून त्याचा रथ उडाला तेव्हा जो पुढे फेकला गेला, कसाबसा दांडीला धरून राहिला आणि परत वर चढला. हनुवटीला चार टाके पडले. ती फेक ठरलेली नव्हती, पण सिनेमात ठेवली, आणि हेस्टन रथात परत चढतो एवढाच जवळचा तुकडा नंतर घेऊन तिला जोडला.