आमची वाटचाल : फरशीखालचा कोबा

आमच्या वडिलांची हयात शहाबादी फरशी बसवण्यात गेली. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्तीत त्यांचं जास्त काम. मागाच्या खोलीत एक फरशी जरी हलली तरी मालक दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभा असायचा. फरशीखाली काय घातलंय याची काळजी मला तिथूनच लागली.

२००९ साली मी फक्त कोब्याचं, म्हणजे स्लॅबवर फरशीखाली ओढायच्या वाळू-सिमेंटच्या सपाट थराचं काम धरलं. दोन सोबती, पाण्याची लेव्हल पाईप, ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि चार घमेली एवढंच भांडवल होतं. गावात अपार्टमेंट उठत होती आणि दोन बाय दोनच्या टाइल्स आल्या होत्या. शहाबादीच्या प्रत्येक फरशीखाली माल कमीजास्त करून जमवता येतं. मोठी टाइल पातळ थरावर चिकटवायची म्हटली की खालचा कोबा सपाटच लागतो. पण कोबा म्हणजे उरलेल्या मालात, उरलेल्या माणसांनी उरकायचं काम अशीच सगळ्यांची समजूत. मला ते पटत नव्हतं, अजूनही पटत नाही.

दुसऱ्याच वर्षी एका तीन मजली घरात आमची चूक झाली. कोबा दिसायला सुरेख होता, एक चीर नाही. महिन्याभराने टाइलवाल्याने थापीच्या मुठीने ठोकून पाहिलं, तर दोन खोल्या बद्द वाजल्या. स्लॅबवर गिलाव्याचा पडलेला माल आणि धूळ होती. ती न खरवडता आम्ही वर कोबा ओढला होता, त्यामुळे तो स्लॅबला धरलाच नव्हता. मालक भला माणूस. म्हणाला, "फुटलं नाही न्हवं? ऱ्हाऊ दे की." वडील म्हणाले, "बद्द वाजलं ते काढायचं." सहाशे चौरस फूट फोडून पदरचं घालून परत केलं. दीड इंच जाडी आणि एका भाग सिमेंटला चार भाग वाळू असं प्रमाण धरलं की शंभर चौरस फुटाला साधारण ३ पोती सिमेंट आणि १४ घनफूट वाळू जाते. म्हणजे १८ पोती गेली, मजुरी वेगळी. तेव्हापासून स्लॅब खरवडणे, टाचे मारणे (कोबा धरावा म्हणून टोचे मारून स्लॅब खडबडीत करणे), धुणे आणि आदल्या रात्री भिजवून ठेवणे यासाठी आम्ही अख्खा एक दिवस धरतो. सकाळी साचलेलं पाणी पुसून घ्यायचं आणि माल पडायच्या अगदी आधी पाण्यात कालवलेल्या सिमेंटची घट्ट स्लरी ब्रशने घासायची. आधी लावून ठेवलेली स्लरी वाळली की ती धरण्याऐवजी सोडवायचंच काम करते.

सगळ्यात जास्त भांडलो असेन ते पाण्यावरून. माल सैल असला की पट्टी सरसर ओढली जाते, म्हणून माणूस नकळत अर्धी बादली जास्त ओततो. ते जादा पाणी उडून गेलं की कोबा आकसतो, चिरा पडतात, वरचा थर नखाने खरवडला तरी भुगा निघतो. आमचा माल मुठीत दाबला तर गोळा राहिला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. असा माल ठोकून बसवावा लागतो, हात भरून येतात. पण त्याला पर्याय नाही.

वाळूचंही तसंच. पूर्वी मलप्रभा, घटप्रभेची वाळू यायची, आता सगळीकडे एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. मऊ दिसते म्हणून काहीजण गिलाव्याची बारीक पी-सँड मागवून ठेवतात. बारीक वाळू पाणी जास्त पिते, आम्ही ती परत पाठवायला लावतो. पावसाळ्यात आणखी एक गोम असते. ओलसर वाळू फुगते, घमेलं पाव हिश्शाने सुद्धा फसवतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही दर ढिगाची वाळू बरणीत पाण्याखाली बसवून बघतो आणि मगच मोजमाप ठरवतो.

आमच्यात निम्मे मराठी, निम्मे कन्नड बोलणारे. सुरुवातीला आम्ही गिलावाही करायचो. एकदा मिस्त्रीने आतून "नीरू आण" अशी हाक दिली. बैलहोंगलकडचा नवा मुलगा ताज्या कोब्यावरून पाण्याची बादली घेऊन धावला. त्याच्या भाषेत नीरु म्हणजे पाणी, आमच्या गवंड्याच्या तोंडी चुन्याचा गुळगुळीत हात. त्याची काही चूक नव्हती. त्याच्या पावलांचा पट्टा काढून परत भरला आणि त्या दिवसापासून साइटवर प्रत्येक वस्तूचं नाव दोन्ही भाषांत शिकवतो. तोच मुलगा आज आमचा मुख्य मिस्त्री आहे. लेव्हलचे ठिय्ये, म्हणजे कोब्याची उंची दाखवणारे मालाचे ठिपके, त्याच्याइतके नेमके मी सुद्धा मारत नाही.

आता आम्ही अकराजण आहोत. मिक्सर आहे, लेझर लेव्हल आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यांतून विचारणा येते, पण जिथे जड लेथ बसणार तिथे काँक्रीटच हवं, वाळू-सिमेंटचा कोबा नको, असं सांगून ते काम सोडतो. लाकडी किंवा विनाइल फरशीला खालचा कोबा पुरता वाळलेला लागतो, म्हणून ती घालणाऱ्यांशी तारखेवरून वाद होतात. कोबा चांगल्या हवेत दिवसाला साधारण एक मिलिमीटर जाडीचा वाळतो, खानापूरच्या पावसात त्याहून सावकाश. गणपतीच्या आधी घरात जायचं असेल तर आम्हाला वैशाखातच बोलवा, हे मी घरमालकांना हात जोडून सांगतो.

सध्या निपाणीत एका घराचं काम चालू आहे. काल वरच्या मजल्यावर मालाचे बांध घालून वाफे केले आणि पाणी भरलं. सात दिवस ते उतरू द्यायचं नाही. जिन्याला दोरी बांधली आहे आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बघायला मी स्वतः जातो.